पिंग करून नेमकं काय कळतं? (घोडबंदर रोड, रोज रात्री ८ ते ११)

कासारवडवलीकरीण | सोम, रात्री ११:४०

मंडळी, नेटमधल्या जाणकारांनी जरा इकडे लक्ष द्या.

मी कासारवडवलीला राहते, काम घरून. क्लायंट अमेरिकेत, त्यामुळे माझे सगळे कॉल रात्री साडेआठ ते अकरा. गेले तीन आठवडे रात्रीचे आठ वाजले की नेटला काहीतरी होतं. बंद पडत नाही. बंद पडलं असतं तर परवडलं असतं, निदान सांगता तरी आलं असतं. समोरच्याचा आवाज घशात बेडूक अडकल्यासारखा येतो, माझा चेहरा तोंड उघडं ठेवून गोठतो आणि दहा सेकंदांनी सगळे एकदम बोलायला लागतात. अकरानंतर परत सुरळीत.

कनेक्शन आमच्या भागातल्या केबलवाल्याचं, फायबर, ४० एमबीपीएस. तक्रार केली की त्यांचा मुलगा सकाळी अकराला येतो आणि मोबाइलवर स्पीड टेस्ट दाखवतो. "मॅडम, चाळीसपैकी एकोणचाळीस येतंय, अजून काय पाहिजे?" रात्री मी स्वतः केली तर तीसच्या वर येतं. काल फोनवरचा माणूस म्हणाला, पिंग करून स्क्रीनशॉट पाठवा. केलं. चार ओळी आल्या, चारही ओळींत रिप्लाय. तो म्हणाला, झालं तर मग, लाइन ओके आहे.

पिंगने खरंच काही सिद्ध होतं का, की ही कटवायची पद्धत आहे?

तर्रीबाज | सोम, रात्री ११:४८

कटवायची पद्धत आहे. पुढचा धागा काढा.

खाडीपलीकडचा | मंगळ, सकाळी ७:१५

महापेला नेटवर्कचं काम करतो, रोजचं पोट यावरच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पिंग म्हणजे हाक मारणं. तुमचा संगणक एक छोटं पाकीट पाठवतो, "आहेस का?" समोरचं यंत्र तेच पाकीट परत करतं, "आहे." जायला-यायला मिळून किती वेळ लागला तो आकडा मिलिसेकंदात दिसतो. एवढंच. स्पीड कळत नाही, किती डेटा मावेल ते कळत नाही. उत्तर आलं का, किती वेळात आलं आणि शंभर हाकांपैकी किती हाका हरवल्या, हे तीन प्रश्न त्याला विचारायचे.

तुम्ही चार हाका मारल्या. विंडोज आपणहून चारच मारतं. तुमचा त्रास तीन तास चालतो, त्यातले चार सेकंद बघून काय कळणार? नाडी तासभर बघा:

पिंग -टी ८.८.८.८

८.८.८.८ हा गूगलच्या सर्व्हरचा पत्ता. त्या -टी मुळे ते थांबत नाही. कंट्रोल-सी दाबलं की थांबतं आणि खाली हिशेब देतं. मॅक किंवा लिनक्स असेल तर -टी लागत नाही, ते मुळातच थांबत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. थेट गूगलला हाक मारू नका, आधी घरातल्याला मारा. दोन काळ्या खिडक्या (कमांड प्रॉम्प्ट) शेजारी-शेजारी उघडा. एकीत तुमच्या राउटरचा पत्ता (बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, आयपीकॉन्फिग ही आज्ञा दिली की डिफॉल्ट गेटवे म्हणून दिसेल), दुसरीत ८.८.८.८. दोन्ही चालू ठेवून कॉल करा. आवाज फाटला की बघा, कुठली खिडकी आधी बिघडली.

पहिलीच बिघडली तर केबलवाल्याला शिव्या देऊ नका, भांडण घरातलं आहे.

नौपाड्याचे_आजोबा | मंगळ, सकाळी ९:०२

वरील सूचनेप्रमाणे "पिंग -टी ८.८.८.८" असे लिहून पाहिले. संगणक म्हणतो की अशी आज्ञा मला माहीत नाही.

भाकरवडी | मंगळ, सकाळी ९:१०

काका, देवनागरीत टाइप केलंत का?

नौपाड्याचे_आजोबा | मंगळ, सकाळी ९:२४

होय. आकडेसुद्धा. आता कळाले. गंमत म्हणून ठेवतो, पुसत नाही.

टीटीएल_संपला | मंगळ, सकाळी १०:३०

खाडीपलीकडच्यांच्या प्रतिसादात एक भर. स्क्रीनवर येणाऱ्या दोन एररमध्ये लोक गल्लत करतात. ठाणे स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला विचारा, "घोडबंदर?" तो मान हलवून "नाही जाणार" म्हणाला तर ते डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल. म्हणजे कुणीतरी तुमचं ऐकलं आणि तिकडे रस्ता नाही असं स्पष्ट सांगितलं. तो तुमच्याकडे न बघताच निघून गेला तर ते रिक्वेस्ट टाइम्ड आउट. ऐकलं की नाही ऐकलं, पुढे गेला की मेला, काही पत्ता नाही.

आणि यात विंडोजची एक चलाखी आहे. "अनरीचेबल" हेसुद्धा एक उत्तरच, म्हणून खालच्या हिशेबात ते "मिळालं" असं धरतं. चारही ओळी अनरीचेबलच्या आणि खाली लॉस (हरवलेल्या हाका) ० टक्के! आमच्या ऑफिसात एका नवीन पोराने हा ० टक्के दाखवून तक्रारीचं तिकीट बंद केलं होतं. शेवटची ओळ वाचून निकाल देऊ नका, वरच्या ओळी वाचा.

भाकरवडी | मंगळ, सकाळी १०:४१

आणि रिक्षावाला "मीटरवर नाही, तीनशे द्या" म्हणाला तर?

टीटीएल_संपला | मंगळ, सकाळी १०:४४

तो हाय लेटन्सी. पोचाल, पण उशिरा आणि चरफडत.

शून्य_उत्तर | मंगळ, दुपारी १:२०

सगळे पिंगच्या आरत्या ओवाळताय म्हणून थोडं पाणी ओततो.

पिंग आयसीएमपी नावाच्या वेगळ्याच प्रोटोकॉलवर (पाकिटं पाठवायच्या नियमांवर) चालतं. तुमचा व्हिडिओ कॉल यूडीपीवर, वेबपान बहुधा टीसीपीवर. बरेच राउटर त्यांच्या नावाने आलेल्या पिंगला सगळ्यात शेवटी उत्तर देतात, कारण त्यांचं खरं काम दुसऱ्याची पाकिटं पुढे ढकलणं, तुमच्याशी गप्पा मारणं नव्हे. कित्येक ठिकाणी फायरवॉल (नको ती पाकिटं अडवणारी भिंत) पिंग गिळून टाकते. बँकेची साइट पिंगला उत्तर देत नाही आणि ब्राउझरमध्ये मस्त उघडते. उलट पिंगला उत्तर देणाऱ्या सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर दोन दिवसांपासून झोपलेलं असू शकतं. दारावरचा वॉचमन "हो" म्हणाला म्हणजे साहेब घरी आहेत असं नाही.

खाडीपलीकडचा | मंगळ, दुपारी १:५५

शून्यभाऊ, पाणी योग्य जागी ओतलंत. म्हणून तर आधी राउटर आणि मग ८.८.८.८ म्हटलं, दोघेही सहसा नियमित उत्तर देतात.

ट्रेसर्ट ही आज्ञा पाकिटाच्या वाटेतला एकेक राउटर आणि त्याच्या उत्तराचा वेळ दाखवते, त्यात लोक नेमके इथेच फसतात. मधल्या एखाद्या टप्प्यावर तारे दिसले किंवा ३०० मिलिसेकंद दिसले की "हा बघा चोर!" पण पुढचे टप्पे आणि शेवटचा मुक्काम ठीक असेल तर तो मधला राउटर फक्त उत्तर द्यायला आळशी आहे, पाकिटं तो व्यवस्थित पुढे पाठवतोय. बिघाड खरा असेल तर तो त्या टप्प्यापासून शेवटपर्यंत दिसतो.

पोपटपंची | मंगळ, दुपारी २:१०

माझा नववीतला मुलगा दिवसभर "पप्पा, पिंग हाय झालं" ओरडतो. मला वाटायचं कुठली तरी नवी शिवी आहे.

ऐरोलीची_आरती | मंगळ, दुपारी २:३०

आणि आमच्या मॅनेजरचं "पिंग मी वन्स डन". मी एकदा खरोखर त्याच्या लॅपटॉपला पिंग केलं. टाइम्ड आउट आलं. विंडोजची फायरवॉल बाहेरून आलेलं पिंग बहुतेक वेळा अडवते हे तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, स्वभावच तसा.

पोपटपंची, मुलगा कुठल्या सर्व्हरवर खेळतो ते बघा. मुंबईचा निवडला तर ठाण्यातून १० ते १५ च्या आत यायला हवं. सिंगापूरचा लागला तर साठच्या आसपास जाणारच. तिथे राउटर बदलून उपयोग नाही, समुद्र आटवावा लागेल.

खाडीपलीकडचा | मंगळ, दुपारी ३:०५

आरतीताईंनी छान मुद्दा काढला. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर धरा. जाऊन-येऊन २५ हजार, म्हणजे १२५ मिलिसेकंद तर देवाने ठरवलेत. केबल सरळ रेषेत जात नाही, वाटेत यंत्रं येतात, त्यामुळे प्रत्यक्षात दोनशेच्या पुढे. धागाकर्तीच्या क्लायंटच्या सर्व्हरला पिंग २२० आलं तर घाबरू नये. २२० स्थिर असेल तर कॉल उत्तम चालतो. घात होतो तो एकदा २२०, एकदा ९००, एकदा गायब असं झालं की. या चढ-उताराला जिटर म्हणतात. लोकल रोज वीस मिनिटं लेट असेल तर माणूस तसा निघतो, कधी पाच आणि कधी पन्नास असेल तर नोकरी जाते.

नौपाड्याचे_आजोबा | मंगळ, सायं ५:४०

हे सर्व वाचून जुने दिवस आठवले. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, त्यानंतर दोनेक वर्षांनी मी कनेक्शन घेतले. मोडेमची ती किंचाळी ऐकून शेजारच्या मांजरी पळत. तेव्हा पिंगचे उत्तर चारशे-पाचशे मिलिसेकंदांनी आले तरी आम्ही पेढे वाटायच्या बेतात असू.

पिंगचा जन्म मात्र त्याहून जुना. माइक मूस या अमेरिकी प्रोग्रामरने डिसेंबर १९८३ मध्ये ते लिहिले, अमेरिकी सैन्याच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत. तिथल्या नेटवर्कचा काहीतरी विचित्र घोळ शोधायचा होता, म्हणून एका बैठकीत लिहून काढले. नाव पाणबुडीच्या सोनारवरून, आवाज सोडायचा आणि परत येणारा प्रतिध्वनी मोजायचा. येऊरच्या डोंगरात पोरे "कूऽऽ" ओरडतात तेच. शब्दांचे लांबलचक लघुरूप वगैरे नंतर कुणीतरी जोडले. मूस २००० साली मोटार अपघातात गेले.

त्यांनीच लिहून ठेवलेला एक किस्सा फार आवडता आहे. एका नेटवर्क सांभाळणाऱ्याच्या इमारतीत केबल कुठेतरी सैल होती, मधूनच तुटे. त्याने पिंगचे प्रत्येक उत्तर बोलणाऱ्या प्रोग्रामला जोडले आणि ऑफिसातला स्टिरिओ पूर्ण मोठा केला. संगणक दर सेकंदाला "पिंग, पिंग, पिंग" असा ओरडतोय आणि हा गृहस्थ इमारतभर फिरून एकेक जोड हलवून बघतोय. एका जोडाला हात लावताच आवाज बंद. सापडला!

भाकरवडी | मंगळ, सायं ५:५२

आजोबा, साष्टांग.

तर्रीबाज | मंगळ, सायं ६:३०

इतिहास झाला, भूगोल झाला. ताई, तुमचं काय झालं ते सांगा. मी अजूनही सांगतो, केबलवाला एका लाइनवर दोनशे घरं बसवतो. आठ वाजता सगळी घरं सिरियल आणि रील बघतात, म्हणून बोंब. ग्राहक मंचात जा.

कासारवडवलीकरीण | मंगळ, रात्री ११:५५

सगळ्यांचे खूप आभार, रिक्षावाल्यांसह. दोन खिडक्या उघडून कॉल केला. निकाल:

राउटर: कमीत कमी २, जास्तीत जास्त ३४०, लॉस ३ टक्के.
८.८.८.८: कमीत कमी ५, जास्तीत जास्त ११५०, लॉस ६ टक्के.

मी बेडरूममध्ये बसते, राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे. म्हणजे दोष माझ्याच घरात? सासूबाईंच्या समोर हे वाचणार नाही.

खाडीपलीकडचा | बुध, सकाळी ७:३०

राउटरपर्यंतच ३४० आणि ३ टक्के, म्हणजे वायफाय कण्हतंय हे नक्की. मोठ्या टॉवरमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर राहणं म्हणजे दादर स्टेशनच्या पुलावर कुजबुजणं. तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि तुमच्या मजल्यावरच वीस राउटर असतील. ५ गिगाहर्ट्झवर या. टीव्हीच्या मागून राउटर बाहेर काढा.

पण आधी एक दिवस वायफाय बाजूलाच ठेवा. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत लॅनची केबल टाका आणि तेच परत मोजा. कारण बाहेरच्या खिडकीतला ११५० हा आकडा नुसत्या वायफायचा वाटत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला.

शून्य_उत्तर | बुध, सकाळी १०:१५

सहमत. आणि ताई, रात्री स्पीड टेस्ट "तीसच्या वर" लिहिलंत, तो डाउनलोड. अपलोडचा आकडा कुठाय?

पोपटपंची | बुध, दुपारी १२:००

अवांतर: आमच्याकडे मानपाड्याला रस्त्याच्या खोदकामात महिन्यातून एकदा फायबर तुटतेच. ओएनटीवर (फायबर येऊन लागते त्या डबीवर) एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा लागला की आता बायकोसुद्धा सांगते, "एलओएस लागलाय, आज वाचन करू या."

ऐरोलीची_आरती | बुध, दुपारी १२:२०

तुमचं घोडबंदर तुटतं, कधीकधी समुद्र तुटतो. जानेवारी २००८ च्या शेवटी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल लागोपाठ तुटल्या. मी तेव्हा रबाळ्याला एका कॉल सेंटरमध्ये रात्रपाळीला होते. युरोपकडची पिंगं एकदम दुप्पट-तिप्पट, कारण सगळी वाहतूक उलट्या बाजूने जगाला वळसा घालून जायला लागली. टीम लीडर मात्र आम्हालाच विचारत होता, "कुणी वायर हलवली?"

नेरूळनिवासी | बुध, दुपारी १:०५

कुणाला नेरूळ सेक्टर ५० मध्ये चांगलं कनेक्शन माहीत आहे का?

टीटीएल_संपला | बुध, दुपारी १:०९

प्रत्येक धाग्यात एक असतोच.

कासारवडवलीकरीण | बुध, रात्री ११:३०

ऐका! पंधरा मीटरची केबल आणली, हॉलमधून पॅसेजमधून बेडरूममध्ये. सासूबाईंनी दोनदा विचारलं, ही दोरी कधी काढणार.

राउटर: सगळीकडे १ मिलिसेकंदापेक्षा कमी. लॉस ०.
८.८.८.८: आठपर्यंत ४-५. आठ वाजून चार मिनिटांनी ६००, ७५०, ८२०... साडेदहापर्यंत असंच. लॉस ४ टक्के.
ट्रेसर्टमधली दुसरी ओळ, म्हणजे केबलवाल्याचं पहिलं यंत्र, तीही ८००! आणि तिथून शेवटपर्यंत तेच.

म्हणजे माझं घर निर्दोष! वायफायचं थोडंसं होतं ते कबूल. उद्या हे सगळे स्क्रीनशॉट केबलवाल्याच्या तोंडावर मारते.

तर्रीबाज | बुध, रात्री ११:३४

म्हटलं नव्हतं? मारा! फटाके मी आणतो.

खाडीपलीकडचा | बुध, रात्री ११:५८

थांबा, थांबा. फटाके परत ठेवा.

तुमच्या राउटरपासून केबलवाल्याच्या यंत्रापर्यंतचा रस्ता खराब आहे इथपर्यंत पिंगने बरोबर सांगितलं. पण तो रस्ता कुणी अडवलाय हे सांगितलेलं नाही. केबलवाल्याने दोनशे घरं कोंबली तरी हाच आकडा दिसेल. तुमच्याच घरातून कुणी तो रस्ता भरून टाकला तरी हुबेहूब हाच आकडा दिसेल.

शून्यभाऊंच्या प्रश्नाचं उत्तर अजून दिलं नाहीत. अपलोड किती?

कासारवडवलीकरीण | गुरु, सकाळी ८:१०

काल रात्री केलेली टेस्ट आता परत उघडून बघितली. डाउनलोड ३१, अपलोड १.८. सकाळी केली तर अपलोड ३९.

शून्य_उत्तर | गुरु, सकाळी ८:२२

आणि मी इथून गालातल्या गालात हसतोय.

खाडीपलीकडचा | गुरु, सकाळी ९:००

याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस नावाच्या इंजिनिअरने २०१० मध्ये घरी बसून पिंग बघताना हे पकडलं, त्याच्याकडे आकडा सेकंदाच्या वर गेला होता. होतं असं: घरातून एखादं यंत्र सतत मोठं काहीतरी वर चढवतंय. राउटर किंवा ओएनटी पाकिटं फेकून न देता पोटात साठवतो, त्याला वाटतं मी उपकार करतोय. तुमची लाइन ४० मेगाबिटची, आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला ५ एमबी. पोटात ४ एमबी साठले की नवीन आलेल्या पाकिटाला बाहेर पडायला ०.८ सेकंद. तुमचा ८०० चा आकडा हाच तर नाही? मुंबई-सीएसटीच्या तिकीट खिडकीवर एकाने अख्ख्या वऱ्हाडाची तिकिटं काढायला घेतली आणि तुम्हाला फक्त प्लॅटफॉर्म तिकीट हवंय, तरी रांगेत उभं राहावंच लागतं.

आज रात्री एकच करा. आठ वाजता आकडा चढला की घरातली बाकीची यंत्रं एकेक करून वायफायवरून काढा. फोन, टीव्ही, कॅमेरा, सगळं. खिडकीकडे बघत राहा. आजोबांच्या गोष्टीतला माणूस जोड हलवत फिरला तसं.

नौपाड्याचे_आजोबा | गुरु, सकाळी ९:३०

स्टिरिओ मोठा करावयास विसरू नये.

तर्रीबाज | गुरु, सकाळी १०:००

घरातून कोण इतकं वर चढवणार? ताई एकट्या काम करतात. मला पटत नाही. पैज, एक मिसळ.

कासारवडवलीकरीण | गुरु, रात्री ९:२०

कॉल साडेनऊला आहे, घाईत लिहिते.

८:०५ ला आकडा ७८०. सासूबाईंचा फोन काढला: ७८०. टीव्ही काढला: ८१०. मुलीचा टॅब: ७९०. दाराचा कॅमेरा: ७८०. माझा फोन: ७८०. नवऱ्याचा लॅपटॉप झाकला: ५.

पाच!! उघडला: ६९०. झाकला: ५. मुलगी म्हणाली, आई परत कर ना.

बाकीचं नंतर.

भाकरवडी | गुरु, रात्री ९:२३

आता कॉल संपेपर्यंत आम्ही झोपायचं नाही?

कासारवडवलीकरीण | गुरु, रात्री ११:४५

नवऱ्याला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद आहे. थंडी सुरू झाली की दर रविवारी पहाटे ऐरोलीहून बोटीने खाडीत, फ्लेमिंगो. गेल्या सहा-सात वर्षांचे फोटो आणि व्हिडिओ एका हार्डडिस्कवर, ती मध्ये कुरकुरायला लागली. म्हणून महिन्याभरापूर्वी त्याने क्लाउडवर २ टीबीची जागा घेतली. ऑफिसातून आठला घरी येतो, लॅपटॉप उघडतो, हार्डडिस्क लावतो, बॅकअप चालू, हा जेवायला. अकराला सगळं बंद करून झोपतो. मला सांगायची गरज वाटली नाही, कारण "अपलोड आहे गं, डाउनलोड कुठाय? तुझ्या कॉलला काय त्याचं?"

गेले तीन आठवडे मी त्यालाच रोज रात्री केबलवाल्याच्या तक्रारी सांगत होते आणि तो मान हलवून "हो ना, चोर आहेत" म्हणत होता.

शून्य_उत्तर | गुरु, रात्री ११:५२

हिशेब: सेकंदाला ५ एमबी, ३ तास, म्हणजे रोज ५४ जीबी. तीन आठवड्यांत १.१ टीबीच्या वर. किती राहिलंय?

कासारवडवलीकरीण | शुक्र, सकाळी ८:३०

विचारलं. "फक्त चारशे जीबी." फक्त.

ऐरोलीची_आरती | शुक्र, सकाळी ८:४५

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य, २०१५ पासून. २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत. आणि आता या धाग्यात आरोपीच्या पिंजऱ्यात.

खाडीपलीकडचा | शुक्र, सकाळी ९:१०

उपाय सोपा आहे, लॅपटॉप झाकायची गरज नाही. बॅकअपच्या सेटिंगमध्ये अपलोडची मर्यादा असते, ती २० एमबीपीएसवर बांधा, नाहीतर रात्री बारानंतरची वेळ लावा. राउटर चांगला असेल तर त्यात एसक्यूएम किंवा क्यूओएस नावाची, पाकिटांची रांग आवरणारी सोय शोधा. त्यात मर्यादा लाइनच्या थोडी खाली, ३५-३६ वर ठेवायची, म्हणजे रांग पोटात साठतच नाही. मग खिडकी उघडी ठेवून परत मोजा. दोरी काढायला हरकत नाही, फक्त ५ गिगाहर्ट्झवर या.

आणि केबलवाल्याच्या त्या सकाळच्या मुलाला सांगा की स्पीड टेस्ट करताना दुसऱ्या खिडकीत पिंग चालू ठेवत जा. तुमच्याच घरी रात्री साडेआठला आला असता आणि हे केलं असतं, तर पहिल्या दिवशी सापडलं असतं.

तर्रीबाज | शुक्र, सकाळी ११:००

मिसळ कबूल. पण केबलवाला दोनशे घरं बसवतो हे माझं म्हणणं मी मागे घेतलेलं नाही.

टीटीएल_संपला | शुक्र, सकाळी ११:०४

मिसळ कुठली ते जाहीर करा. "ठाण्यातच" एवढं पुरेसं नाही.

नौपाड्याचे_आजोबा | शुक्र, दुपारी १२:१५

मी आज इंग्रजी अक्षरांत आज्ञा टाइप केली. उत्तर ४ मिलिसेकंद. शंभर वेळा केले, शंभरही आले. काही बिघडलेले नाही याचे थोडे वाईट वाटले.

कासारवडवलीकरीण | सोम, रात्री ११:१०

अपडेट: मर्यादा २० वर बांधली. पूर्ण तीन तास पिंग ६ ते ११ च्या मध्ये, लॉस ०. क्लायंटने विचारलं, नवीन ऑफिस घेतलंस का. केबलवाल्याला फोन करून तक्रार मागे घेतली, तो इतका गोंधळला की पुढच्या महिन्याचं बिल कमी करू का विचारत होता. दोरी काढली.

नेरूळनिवासी | सोम, रात्री ११:२५

अभिनंदन. माझा प्रश्न राहिला.

भाकरवडी | सोम, रात्री ११:३१

ताई, एवढं रामायण झालं, निदान ते फ्लेमिंगो तरी दाखवा. एक फोटो टाका.

कासारवडवलीकरीण | सोम, रात्री ११:३८

टाकते. बारानंतर. आत्ता लाइन त्यांच्याकडे आहे.